आजारपणाचे पैसे कोणाच्या हातात?

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या आपल्या बचत गटांच्या सगळ्या ताया, वहिन्या, मावश्या, काकू, आणि घरात बसून कान इकडे ठेवणाऱ्या सासूबाई, सगळ्यांना नमस्कार. गॅसवर दूध ठेवलं असेल तर आधी बारीक करून या. आजचं बोलणं थोडं लांबणार आहे.

आज आम्ही सांगतोय ती गोष्ट आमच्याच गटातली आहे, आणि तिच्यात चूकही आमचीच आहे. जिच्याबद्दल बोलतोय तिला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "सांगा, पण माझं नाव नको, गावाचं नाव नको." म्हणून तिला आपण नुसतं काकू म्हणू. भीमेच्या काठावरचं गाव आहे, एवढं पुरे.

काकूंना दोन महिने खोकला होता. मेडिकलमधून आणलेल्या दोन बाटल्या संपल्या, गवती चहा झाला, हळदीचं दूध झालं. खोकला हटेना आणि ब्लाउज अंगावर सैल व्हायला लागले. शेवटी आशाताई त्यांना घेऊन गेल्या, थुंकीची तपासणी झाली आणि टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. इथपर्यंत सगळं सरळ झालं.

टीबीच्या रुग्णाला सरकार पोषणासाठी पैसे देतं, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. निक्षय पोषण योजना तिचं नाव. 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा महिन्याला 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. आता हे पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. सुरुवातीलाच 3,000 आणि मग 84 दिवसांचे उपचार झाल्यावर पुढचे 3,000, असे दोन हप्त्यांत रुग्णाच्या खात्यात जमा होतात. रुग्णाच्या खात्यात, हे शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

आधी तर पैसे आलेत हेच कळेना. काकू ज्या बँकेत जातात तिथल्या पासबुकात काहीच नाही. चार चकरा झाल्या. मग आमच्यातल्या एकीच्या डोक्यात आलं, कारण लाडक्या बहिणीच्या वेळी तिचं अगदी हेच झालं होतं. सरकारचे पैसे आपण फॉर्मवर लिहितो त्याच खात्यात येतात असं नाही, ज्या खात्याला शेवटचं आधार जोडलंय त्या खात्यात येतात. काकूंनी कितीतरी वर्षांपूर्वी जनधनचं एक खातं काढलं होतं, दुसऱ्याच गावच्या शाखेत. आधार तिथं जोडलेलं. पासबुक कुठं, तर धान्याच्या कोठीमागं, उंदरांनी कोपरा खाल्लेलं. त्या खात्यात 3,000 रुपये पडून होते. मेसेज आला होता, पण मोबाईल नंबर थोरल्या मुलाचा. त्याने वाचला होता.

आता इथून पुढं ऐका.

मुलगा वाईट नाही. उन्हाळा तोंडावर, कांद्याला ठिबक टाकायचं होतं, नळ्यांना पैसे कमी पडत होते. तो म्हणाला, आईचे तीन हजार आलेत, ते घालू, कांद्याचे पैसे झाले की आईला दुप्पट देऊ. काकू काही बोलल्या नाहीत.

आणि आम्ही? काकूंनी गटातून 20,000 रुपये कर्ज घेतलेलं. खोकला लागल्यापासून कांदा काढणीला जाणं बंद, खुरपणीला जाणं बंद, त्यामुळे तीन हप्ते थकले. आमच्या गटाचं बँकेचं कर्ज चालू होतं. परतफेड नियमित नसेल तर पुढचं कर्ज अडतं, व्याजाची सवलत जाते, आणि ते काकूंच्या एकटीचं नाही तर अकरा जणींचं जातं. एकीला पिठाची गिरणी घ्यायची होती, ती त्या कर्जाच्या भरवशावर कोटेशन घेऊन बसलेली. म्हणून बैठकीत आम्ही ठरवलं की काकूंचे तीन हजार आलेत, तर थकलेले हप्ते त्यातून वळते करून घेऊ. वहीत लिहिलंसुद्धा. आम्हाला वाटलं, बघा, आपण किती शिस्तीचा गट चालवतो.

काकू तोंडाला रुमाल लावून दारापाशी बसल्या होत्या. दारापाशी का, तर आम्हीच तिथं बसवलं होतं. तेही आज कबूल करून टाकतो. त्यांच्या गोळ्या सुरू होऊन बरेच आठवडे झाले होते, संसर्गाची भीती राहिली नाही असं आशाताईंनी आम्हाला सांगितलं होतं, तरी आमचं मन मानेना. सगळं लिहून झाल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "पोराने ठिबक म्हटलं, तुम्ही हप्ता म्हटलं. मला कुणी विचारलंच नाही."

त्या दिवशीची बैठक तिथंच मोडली. कुणी चहा घेतला नाही.

आम्ही ही गोष्ट पुढं एका प्रशिक्षणात सांगितली, तेव्हा तिथं आम्हाला इंग्लंडमधली एक पद्धत समजली. वरवर पाहिलं तर त्या देशाचा आणि आपला काय संबंध? पण ऐकल्यावर आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो.

तिकडं सरकारी दवाखान्याची व्यवस्था सगळ्यांना मोफत आहे. पण ज्या माणसाला वर्षानुवर्षं काळजी लागते, म्हणजे अंथरुणाला खिळलेलं, अर्धांगवायू झालेलं, सतत कुणीतरी लागणारं माणूस, त्याच्यासाठी सरकारचा खर्च बराच होतो. तो खर्च कशावर करायचा हे पूर्वी कचेरीतच ठरायचं. अमुक वाजता बाई येणार, आंघोळ घालणार, जाणार. माणसाला सकाळी दहाला आंघोळ नको असेल तरी दहालाच. 2009 पासून तीन वर्षं त्यांनी एक प्रयोग केला. त्या माणसाच्या काळजीवर वर्षाला किती खर्च होणार ते आधीच त्याला सांगायचं. मग त्याने आणि नर्सने किंवा डॉक्टरने मिळून एक आराखडा लिहायचा की मला काय साधायचंय, त्यासाठी काय लागेल आणि त्याला किती पैसे. आराखडा मंजूर झाला की पैसे त्याप्रमाणे खर्च करायचे. पैसे स्वतःच्या खात्यात घेता येतात. कुणाला हिशेबाची कटकट नको असेल तर एखादी संस्था त्याच्या वतीने सांभाळते, किंवा सरकारकडंच ठेवून नुसतं कशावर खर्च करायचे ते सांगता येतं. 2014 पासून तिकडं घरी राहून कायम वैद्यकीय काळजी लागणाऱ्या लोकांना हा हक्कच मिळाला. आपण त्याला ज्याचं त्याचं आरोग्याचं अंदाजपत्रक म्हणू.

त्या प्रयोगाची तपासणी झाली तेव्हा काय आढळलं? आजाराच्या मोजमापात, म्हणजे रक्ताच्या तपासणीत वगैरे, फार फरक दिसला नाही. पण माणसांचं जगणं सुधारलं, मनाला उभारी आली. आणि जिथं पैसे कशावर खर्च करायचे याची मोकळीक जास्त दिली होती, तिथं फायदा जास्त झाला. आम्हाला हे पटलं. गोळी आपलं काम करतेच, पण गोळी घेऊन जगणारं माणूस दिवसभर काय करतं, काय खातं, कुणाच्या तोंडाकडं बघतं, ते गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता खरी गंमत. त्या पैशांतून काय करायचं नाही, याची तिकडं यादी आहे. दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही. आणि कर्जफेड नाही. हे ऐकलं आणि आमच्या खजिनदार ताईंनी मान खाली घातली. दारू-जुगाराच्या रांगेत आमचा हप्ता!

म्हणजे या पैशांना नियम आहेत, कुणी काहीही करावं असं नाही. पण त्या नियमांच्या आत निर्णय ज्याचा आजार आहे त्याचा.

परत आल्यावर आम्ही काकूंच्या घरी गेलो. बैठक त्यांच्याच ओट्यावर घेतली, त्यांना मधोमध बसवून. वहीत आधीचं लिहिलेलं खोडलं नाही, खाडाखोड केली तर लेखापरीक्षणात विचारतात. त्याखाली नवा ठराव लिहिला: आजारपणासाठी आलेल्या पैशांतून गट हप्ता कापणार नाही. काकूंना सहा महिने मुद्दलाची सवलत, फक्त व्याज. बँकेचा हप्ता त्या काळात आम्ही सगळ्यांनी गटाच्या बचतीतून भरून काढायचा. सोपं गेलं नाही. गिरणीवाली वहिनी दोन दिवस आमच्याशी बोलत नव्हती, आणि तिचंही बरोबर होतं. तिची गिरणी चार महिने लांबली.

मुलाशी काकूच बोलल्या. आम्ही नुसत्या बाजूला बसलो होतो. त्या म्हणाल्या, "ठिबक तुझ्या बापाच्या नावावरच्या रानात जाणार, माझं अंग कुणाच्या नावावर आहे?" पोरगं हसलं, मग गप्प झालं. त्याने नळ्या कृषी दुकानातून उधारीवर आणल्या.

मग काकूंचा आराखडा केला. हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान. महिन्याला हजार रुपये. आशाताई म्हणाल्या, अंडी. काकू माळकरी, अंडं चालत नाही. आमच्यापैकी एकजण लगेच म्हणाली, आजारात चालतं, देव काही म्हणत नाही. काकू म्हणाल्या, "देव म्हणत नसेल, मी म्हणते." झालं, अंडी रद्द. मग त्यांनी स्वतः सांगायला सुरुवात केली. रोज अर्धा लिटर दूध, शेजारच्या गोठ्यावरून, 25 रुपये, महिन्याचे 750. घरात दूध यायचं, पण ते नातवंडांना आणि चहाला जायचं. म्हणून हे वेगळं, काकूंच्या तांब्यात. एक किलो शेंगदाणे 130. दवाखान्यात महिन्यातून एकदा जायचं, जीपचं येऊन-जाऊन 60. मटकी, हरभरा घरचा होता, तो भिजत घालायचा. राहिले 60 रुपये.

"त्याचं लिंबाचं गोड लोणचं आणा," काकू म्हणाल्या.

आमच्यातली सगळ्यात धाकटी वहिनी हसलीच. "लोणच्याने टीबी बरा होतो का, काकू?" काकू म्हणाल्या, "गोळ्या खाल्ल्यावर तोंड कडू होतं, भाकरी गिळत नाही. लोणचं असलं तर दीड भाकरी जाते, नाहीतर अर्धी." आशाताईंनी आमच्या हातातून पेन घेतला आणि लोणचं स्वतः लिहिलं.

तेच बघा. डॉक्टरांना औषध माहीत, आशाताईंना योजना माहीत, आम्हाला हिशेब माहीत. लोणचं फक्त काकूंना माहीत होतं. विचारलं नसतं तर कागदावर अंडी लिहिली गेली असती आणि ती नातवंडांनी खाल्ली असती.

असे आपल्याच हातात येणारे आणखी पैसे आहेत. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे 5,000 मिळतात, दोन टप्प्यांत, आणि दुसरी मुलगी झाली तर 6,000. हे पैसे तिच्याच नावाच्या खात्यात येतात. पण आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, बाळाची लस श्रीगोंद्याला नाहीतर कर्जतला, जन्मदाखला तिसरीकडंच, आणि आधारवर नाव लग्नाआधीचं. त्यात दुसरा हप्ता अडकतो. म्हणून आम्ही आता आमच्या भागातल्या सुनांना माहेरी जायच्या आधीच सांगतो की जाताना कार्ड घेऊन जा, तिथल्या आशाताईंना दाखव, लसीची नोंद त्या कार्डावर करून घे. पैसे आल्यावर ते बारशाच्या साड्यांत जातात, हे वेगळं दुखणं. ते पैसे बाळंतिणीच्या विश्रांतीचे आहेत, लवकर कामावर जावं लागू नये म्हणून. कुणी तिला विचारलंय का, तुला आहेर हवाय की एक महिना जास्त आराम?

मोठ्या आजाराची गोष्ट वेगळी. तिथं महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. हे पैसे आपल्या हातात येत नाहीत, थेट रुग्णालयाला जातात. पण यादीतल्या कोणत्या रुग्णालयात जायचं ते आपण ठरवतो, म्हणजे पैसे आपल्या पाठोपाठ चालतात. तिथं गेल्यावर आधी आरोग्यमित्र शोधा, त्याचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार दाखवा आणि स्पष्ट विचारा की हा उपचार योजनेत बसतो का, वरून काही द्यावं लागेल का. योजनेत बसणाऱ्या उपचाराला वरून रोख मागायची नसते. रुग्णाचं जेवण आणि घरी परत जायचं एसटीचं भाडंही त्यात धरलेलं आहे, हे फार कमी जणींना माहीत असतं. तक्रार असेल तर 155388 हा फुकटचा नंबर आहे. साध्या आजाराला तर तेही लागत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत झालंय. शिरूर, न्हावरे, यवतची ग्रामीण रुग्णालयं, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय, सगळी त्यात आली. पुण्याचं ससून वेगळ्या विभागाचं आहे, तिथली फी वेगळी.

पैसे दुसऱ्याच्या हातात आणि अंग आपलं, असं झालं की काय होतं याचं एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर दर हंगामात येतं. दिवाळीनंतर आपल्या दोन्ही तालुक्यांत उसाच्या फडावर टोळ्या उतरतात, बीडकडच्या, नगरकडच्या. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी सगळ्या राज्याने वाचली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातल्या कितीतरी तरुण होत्या. एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. ऑपरेशनला मुकादमाकडून उचल, ती फेडायला पुन्हा फड. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला साधं औषध, विश्रांती, दुसऱ्या डॉक्टरचं मत, असे पर्याय आहेत हे कुणी सांगितलं असेल? ती उचल तिच्या आजाराच्या नावाने आली, पण आराखडा तिचा नव्हता. आमच्या गटातल्या एकीच्या बांधावर टोळीची खोपटं असतात. या वर्षी तिने तिथल्या बायकांना एवढंच सांगितलं, गर्भाशय काढायला सांगितलं तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथं पैसे लागत नाहीत. सात जणींनी ऐकून घेतलं, दोघी आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. दोघींनाही गोळ्यांनी बरं वाटलं.

गावाचा एक छोटा पैसाही असतो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधी मिळतो, आणि समितीत निम्म्या तरी बायका असाव्यात असा दंडक आहे. आपल्या गावात समितीची बैठक कधी झाली, एवढंच ग्रामसभेत विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तरावरूनच सगळं कळेल.

आता आमच्या पेटीबद्दल. काकूंच्या प्रकरणानंतर आम्ही आजारपणाची वेगळी पेटी केली. दशसूत्रीत सहावं सूत्र आरोग्याच्या काळजीचं आहे. आम्ही बैठकीत ते म्हणायचो आणि पुढच्या सूत्रावर जायचो. आता महिन्याच्या बचतीबरोबर प्रत्येकीचे 20 रुपये जास्तीचे. अकरा जणींचे 220, वर्षाचे 2,640. फार नाही. एका वेळी जास्तीत जास्त दीड हजार, व्याज नाही, सहा महिन्यांत फेडायचे. मागणारीने तीन गोष्टी सांगायच्या: काय होतंय, डॉक्टर किंवा आशाताई काय म्हणाल्या, आणि तिला स्वतःला काय हवंय. नवऱ्याची सही लागत नाही. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराच्या बायका असाच आरोग्य निधी फार मोठ्या प्रमाणावर चालवतात. वर्गणी सभासदांची आणि दाव्यांवर विचार करायला समितीही सभासदांची. ते ऐकूनच आम्हाला धीर आला. आमचं त्यापुढं म्हणजे बाळाचं पाऊल.

पेटीतून पहिली मागणी आली ती एका वहिनीची, तिच्या सासूबाईंसाठी. सासूबाईंचे गुडघे गेलेत. दर पंधरा दिवसांनी खासगी डॉक्टरकडं सलाईन लावायची, पाचशे रुपये. सलाईनने दोन दिवस बरं वाटायचं. आम्ही तिला म्हटलं, सासूबाईंना विचारून ये, त्यांना काय हवंय. ती परत आली आणि म्हणाली, "त्यांना सलाईन नकोय. त्यांना शौचालयात बसता येत नाही, उठताना भिंत धरावी लागते, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत." भांड्यावर ठेवायचं प्लास्टिकचं स्टूल येतं, अकराशे रुपयांना शिरूरला मिळालं. आता आजी पाणी पितात, आणि गेल्या तीन महिन्यांत सलाईन एकदाच लागली. गुडघे तसेच आहेत, ते आम्ही खोटं सांगणार नाही.

सगळ्याच मागण्या अशा सरळ नसतात. एकीने देवऋषाकडं जायला पैसे मागितले. तिचा आग्रह, माझा आजार, माझा निर्णय, तुम्हीच म्हणता ना? खूप वाद झाला. आम्ही नाही म्हटलं, कारण डॉक्टर किंवा आशाताई काय म्हणाल्या या प्रश्नाला तिच्याकडं उत्तर नव्हतं. ती रागावली, दोन बैठकांना आली नाही. नाही म्हणायचा अधिकार आम्हाला आहे की नाही, यावर आमच्यातच दोन मतं आहेत, अजून मिटलेली नाहीत. तुमच्या गटात असं झालं तर तुम्ही काय कराल, ते आम्हाला जरूर कळवा.

दुसरी अडचण अशी की एखादी खरंच आजारी असते आणि मागतच नाही. लाजते. पांढरं जाणं, गाठ, लघवीचा त्रास, हे अकरा जणींसमोर कसं सांगणार? म्हणून आम्ही नियम केला की खजिनदार आणि आशाताई दोघींनाच सांगितलं तरी चालेल, वहीत फक्त रक्कम येईल. तो नियम झाल्यानंतरच्या महिन्यात दोन मागण्या आल्या. कुणाच्या ते आम्हालाही माहीत नाही.

काकूंचा दुसरा हप्ता 84 दिवसांनंतर आला. या वेळी मेसेज त्यांच्याच मोबाईलवर आला. धाकट्या नातीने वाचून दाखवला, साधा बटणांचा फोन आहे. गोळ्या पूर्ण झाल्या, तपासणीत टीबी नाही असं आलं, वजन साडेचार किलो वाढलं. लोणचं अजून चालू आहे, आता स्वतःच्या पैशांतून. हप्ताही सुरू केलाय. आणि बैठकीला त्या दारापाशी बसत नाहीत, मधोमध बसतात. मुद्दाम.

येत्या बैठकीला सगळ्यांनी आपापली पासबुकं आणा, घरात कोपऱ्यात पडलेली जुनीसुद्धा. आधार कोणत्या खात्याला जोडलंय आणि मेसेज कुणाच्या मोबाईलवर येतो, हे दोनच रकाने आम्ही वहीत आखलेत. तुमच्या गटातही आखा. ज्यांच्या घरी टीबीचं माणूस आहे आणि पैसे आलेले नाहीत, त्यांनी 1800116666 या फुकटच्या नंबरवर फोन करा किंवा आपल्या आशाताईंना भेटा. बोलताना नाव सांगायची लाज वाटली तर काकूंसारखं करा, आधी नुसतं विचारून घ्या.

पुढच्या वेळी आमच्या गिरणीवाल्या वहिनी येणार आहेत. गिरणी आली एकदाची. विजेचं बिल कसं बसतं, ते त्या सांगतील. नमस्कार.